माफी मिळालेला नवरा

माझ्या खोलीत यायला कुणालाच आवडत नसे. दारावरच्या पाटीवर 'समुपदेशन' असं लिहिलं होतं, पण बाहेर बाकांवर बसणाऱ्या गरोदर बायकांनी तिचं बारसं परस्पर उरकलं होतं. त्या तिला 'आतली खोली' म्हणायच्या. 'तिला आतल्या खोलीत बोलावलंय' असं कुणी कुजबुजलं की बाकावरच्या सगळ्या माना एकदम वळायच्या. म्हणून मी एक शिरस्ता पाडला. रिपोर्ट चांगला असो की वाईट, नाव नोंदवलेली प्रत्येक बाई रिपोर्ट आल्यावर एकदा आत यायची म्हणजे यायचीच. काहीच नसलं तर मी तिला लोहाच्या गोळ्या, झोप, जेवण असलं विचारत बसायची. दुपारपर्यंत बोलून बोलून घसा बसायचा. पण आतल्या खोलीत जाणं म्हणजे काहीतरी भानगड, हा समज त्यामुळे बराच कमी झाला.

वसई-विरार पट्ट्यातल्या एका सरकारी प्रसूतिगृहात मी समुपदेशक म्हणून निवृत्त झाले. हे काम नेमकं काय, हे माझ्या सोसायटीतल्या लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही. मीही फार समजावत बसले नाही. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाताना सांगण्यासारखं ते नव्हतंच. आता सांगायला हरकत नाही. गरोदर बाईचं रक्त तपासतात त्यात हिमोग्लोबिन, साखर पाहतात तशाच लैंगिक संबंधातून होणाऱ्या एक-दोन आजारांच्याही तपासण्या असतात. एचआयव्ही सगळ्यांना ठाऊक असतो, त्याची धास्तीही असते. त्याच्या शेजारी सिफिलिस नावाचा एक जुना आजार बसलेला असतो, त्याच्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. पाठ्यपुस्तकात त्याला उपदंश म्हणतात, तो शब्द कुणाला कळत नाही. जुन्या बायका गरमी म्हणायच्या. तो शब्द वापरावा तर हल्लीच्या मुली घरी जाऊन सब्जा भिजत घालतात. गुप्तरोग म्हणावं तर भिंतींवर रंगवलेल्या त्या जाहिराती डोळ्यांसमोर येतात. तेव्हा मी सरळ सिफिलिस म्हणायची आणि पुढच्या वाक्यात 'बरा होतो' असं म्हणायची. या दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायचा नाही, हे मला अनुभवानं शिकवलं.

आजार खरोखरच बरा होतो. पेनिसिलिनची आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, तीही फुकट. बहुतेक बायकांना त्रास काहीच होत नसतो, त्यामुळे आजार आहे हे पटत नाही. पण उपचार झाले नाहीत तर तो आईकडून पोटातल्या बाळाकडे जातो. मग कधी गर्भ पडतो, कधी मूल मेलेलं जन्मतं, कधी जन्मतं पण आजार घेऊन. आणि बाईला इंजेक्शनं देऊन नवऱ्याला मोकळं सोडलं तर तो तिला पुन्हा तोच आजार देतो. म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसत बसण्यासारखं. त्यामुळे माझं निम्मं काम नवरे पकडण्याचं होतं.

आणि नवऱ्यांची तऱ्हा काय सांगू! इतक्या वर्षांत हा आजार माणसाकडून झालेला माणूस मला जवळजवळ भेटलाच नाही. कुणाला तो ऑफिसच्या कमोडवरून झालेला असे, कुणाला न्हाव्याच्या वस्तऱ्यानं, कुणाला लॉजच्या चादरीवरून. फ्लॅटवाले, शिकलेले, गळ्यात ओळखपत्र लटकावलेले नवरे तर मोबाईलवर माहिती काढून यायचे आणि मलाच शिकवायचे. मी ऐकून घ्यायची. 'बरं, कमोडवरून झाला असं धरून चालू, पण इंजेक्शन तुम्हाला घ्यावं लागेल, कमोडला देता येत नाही,' असं म्हटल्यावर मुकाट्यानं पट्टा सैल व्हायचा.

हे आठवलं की हसू येतं, पण एक गोष्ट अशी आहे की ती आठवली की हसू जागच्या जागी थांबतं. कामणच्या बाजूला एका गोदामात माल चढवणारा-उतरवणारा एक गडी होता. त्याची बायको आमच्याकडे नाव घालून गेली. कोवळी पोर, पहिलंच बाळंतपण. रिपोर्ट सिफिलिसचा आला. तिची तीन इंजेक्शनं झाली, नवऱ्याचीही तीन झाली. नवरा अगदी शहाण्यासारखा आला, निमूट पालथा झोपला, लंगडत गेला. मी सिस्टरला म्हटलं, असे नवरे असले तर आपली नोकरी जाईल. दिवस भरत आले तेव्हा तिचं रक्त पुन्हा तपासलं. आजार पुन्हा हजर! मी नवऱ्याला निरोप धाडला तर भलताच माणूस येऊन उभा राहिला. आधी आलेला तो तिचा दीर होता. थोरल्याला गोदामात खाडा परवडत नव्हता, म्हणून धाकटा भाऊ त्याचं नाव सांगून त्याच्या वाटची इंजेक्शनं घेऊन गेला होता. "एकाच घरातलं हाय ना ताई, कोनी बी घेतलं तर चालतंय वाटलं," असं तो म्हणाला. त्यात लबाडी नव्हती. भावासाठी त्यानं तिन्ही सुया सोसल्या होत्या. ते बाळ मेलेलं जन्मलं. मुलगी होती. त्या दिवशी मी घरी जाऊन स्वयंपाक केला नाही. मला फार वाईट वाटलं आणि ते अजून वाटतं. पुढे आम्ही नियम केला की नवरा यायचा तो बायकोबरोबर, आणि 'हाच का?' असं तिला विचारूनच सुई भरायची.

सिल्वियाची गोष्ट यानंतरची. नाव अर्थात खरं नाही, तिच्या घरातल्या कुणाचंच मी खरं लिहीत नाहीये. ती अर्नाळ्याच्या एका ख्रिस्ती मच्छीमार घरातली सून, विशी नुकती ओलांडलेली, पाचवा महिना चालू होता. ईस्टर होऊन थोडेच दिवस झाले होते. बरोबर सासू होती, रेमेतबाय. बाई अंगानं दणकट, आवाज बंदरावर घडलेला. आत येताच त्यांनी माझ्या टेबलासमोरची खुर्ची घेतली आणि सुनेला भिंतीजवळच्या स्टुलावर बसवलं.

सासूला बाहेर काढणं ही आमच्या धंद्यातली पहिली कला. 'तुम्ही जरा बाहेर बसा' म्हटलं की सासूला वास लागतोच. मी म्हटलं, "मावशी, तुमचं बीपी कधी बघितलंय? चेहरा लालसर दिसतोय. तिकडे सिस्टर फुकटात बघतात." बीपी फुकट मोजून मिळत असताना नाही म्हणणारी सासू मी पाहिलेली नाही. रेमेतबाय उठल्या. दाराशी थांबून एवढंच म्हणाल्या, "पोरीला पानी कमी हाय का ते बगा. पानी पी म्हनलं तर ऐकत नाय ती."

सिल्वियाला मी दोन्ही वाक्यं एका दमात सांगितली. तिनं आधी बाळाचं विचारलं. मी सांगितलं की वेळेत इंजेक्शनं झाली तर बाळ वाचवता येतं. मग ती बराच वेळ हातातल्या पिशवीचा बंद पिळत राहिली.

"हे मला कुठून आलं?"

"आजार कुठून आला ते रिपोर्ट सांगत नाही," मी म्हटलं. हे आमचं ठरलेलं उत्तर. खरंही आहे आणि सोयीचंही.

"रिपोर्ट नाही सांगत. पण मला माहितीय ना, मी कुठे गेले नाही ते."

मी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. ती रडली नाही. म्हणाली, "मॅडम, त्याला इथं बोलवा. आणि आईंना यातलं काही सांगू नका. आईंना कळलं ना, तर त्या म्हणतील सुनेनं आणलं. पोरगा असलं काही करेल असं त्यांना मरेपर्यंत पटणार नाही."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. असं झालेलं मी पाहिलं होतं. आजार नवऱ्यानं आणायचा आणि सामान बायकोनं बांधायचं.

पहिलं इंजेक्शन तिला त्याच दिवशी दिलं. ते कमरेत, म्हणजे खरं तर कुल्ल्यावर घ्यावं लागतं, औषध दाट असतं आणि दुखतं फार. बाहेर बाकांवरच्या बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गरोदरपणातलं धनुर्वाताचं इंजेक्शन दंडावर देतात. लंगडत बाहेर आलेल्या बाईकडे म्हणूनच जरा जास्त बघितलं जातं. रेमेतबायनीही बघितलं.

"दंडावर देत्यात ना? ह्ये कमरंत कसलं?"

"बाळाला जंतू लागू नयेत म्हणून आहे, मावशी. अजून दोन घ्यायचीत."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. निम्मं खरं चेहऱ्यावर सुरकुती न पडू देता सांगायचं, ही आमच्या धंद्यातली दुसरी कला.

नवरा दोनच दिवसांत आला. आग्नेल त्याचं नाव. मामाच्या बोटीवर खलाशी होता. बोट किनाऱ्याला लागली आणि बायकोनं निरोप सांगितला तसा तिला मागे बसवून मोटारसायकलवरून निघाला. माझ्यासाठी पिशवीत कोळंबी आणली होती, ती मी परत केली. सिल्विया त्याची ओळख पटवून देऊन बाहेर बाकावर जाऊन बसली, कारण मला त्याच्या एकट्याशी बोलायचं होतं. मी मनातल्या मनात कमोड, वस्तरा, चादर यांची उत्तरं तयार ठेवली आणि सुरुवात केली की हा आजार शरीरसंबंधातून होतो.

"हां," तो म्हणाला. "गेल्या साली बोट एका बंदरात अडकलेली. इंजिनाचा पार्ट यायचा होता. बाकीचे गेले, मी पन गेलो. लगीन झाल्यावरचं हाय हे. मी नाय कशाला बोलू?"

मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत असं पहिल्याच वाक्याला उत्तर मिळालं नव्हतं. मी त्याला शाबासकी द्यायच्या बेतात होते. म्हटलं, "चला, निम्मं काम झालं. आता इंजेक्शन घे."

"ते नाय घ्यायचं मॅडम. ते मिटलं."

"मिटलं म्हणजे?"

"मी कन्फेशन केलं. उपवासाच्या दिवसांत, फादरकडं. फादरनी प्रायश्चित्त दिलं ते समदं केलं. मासळी सोडली, दारू सोडली, ती अजून शिवलो नाय. रोज माळ घेऊन रोझरी करतो. पाप माफ झालं."

मी त्याला नीट समजावलं की माफी आत्म्याला मिळाली असेल, जंतू रक्तात आहेत. चित्र काढून दाखवलं. तो मन लावून बघत होता, मान हलवत होता आणि शेवटी पुन्हा तिथंच येत होता. देवानं माफ केलेली गोष्ट पुन्हा उकरायची म्हणजे त्या माफीवर आपला विश्वास नाही असं झालं. इंजेक्शन घेतलं की तेच झालं. आणि बायकोला सांगायचं तर नावच नको. एकदा जे देवाच्या कानात टाकलं ते परत माणसाच्या कानात टाकू नये.

"आणि तिच्या पोटातलं बाळ?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

"त्याला देव बघंल. मी त्याच्यासाठीच रोझरी करतो."

तो हे इतक्या साधेपणानं म्हणाला की माझा राग वाया गेला. उभी हयात मी खोटं बोलणाऱ्या नवऱ्यांशी भांडायला शिकले होते. खोटं बोलणाऱ्याला कोपऱ्यात घेता येतं. हा खरं बोलत होता, पश्चात्तापही खरा होता, दारूही खरोखर सुटली होती. कोळंबीची पिशवी घेऊन तो नमस्कार करून निघून गेला. मला कामणची ती मुलगी आठवली आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या इंजेक्शनला सिल्विया आली तेव्हा तिनं पहिलाच प्रश्न केला, "काय म्हणाला?"

"ते मला सांगता येत नाही. त्याच्याकडूनच ऐक."

"म्हणजे काहीतरी म्हणाला." मुलगी हुशार होती, माझ्यासारख्यांना पुरून उरणारी.

इंजेक्शन घ्यायच्या आधी ती म्हणाली, "मॅडम, तो घेणार नसेल तर मला टोचून काय फायदा? मी त्या दिवसापासून आईंच्या खोलीत झोपतेय. उकडतं म्हणून सांगितलंय. पण किती दिवस? आई विचारायला लागल्यात, भांडलात का म्हणून. संध्याकाळी तो रोझरीला बसतो, मी बाजूला बसते. देवाला इतकं सांगतो. माझ्याकडे बघून एक शब्द नाही."

"त्यानं इंजेक्शन घेतलं तर पुरे का तुला?"

"बाळाला पुरे. मला नाही. मला त्याच्या तोंडून पाहिजे."

तिला सिस्टरकडे पाठवून मी बाहेर गेले. माणसं माझ्याकडे येत, मी माणसांकडे जात नसे, पण त्या दिवशी गेले. आग्नेल फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसला होता. त्याच्या चर्चच्या फादरना मी स्वतः जाऊन भेटावं असं मला फार वाटत होतं. पण मी कोणत्या तोंडानं बोलणार? मला पेशंटचं काही सांगायची बंदी, त्यांना कन्फेशनमधलं काही सांगायची बंदी. आम्ही दोघं समोरासमोर बसून पावसापाण्याच्या गप्पा मारल्या असत्या.

मी आग्नेलला म्हटलं, "माझं ऐकू नकोस. फादरना जाऊन एकच गोष्ट विचार. इंजेक्शन घेतलं तर मिळालेली माफी जाते का? ते हो म्हणाले तर मी पुन्हा तुझ्या वाटेला जाणार नाही."

हे बोलून मी आत आले आणि मग माझ्या लक्षात आलं. फादर खरंच हो म्हणाले तर? मी त्यांना ओळखतही नव्हते. एका बाळाचा जीव मी एका अनोळखी माणसाच्या उत्तरावर टांगून ठेवला होता.

तिसऱ्या इंजेक्शनला सगळं घर आलं. रेमेतबाय बाहेर बाकावर बसल्या, कारण त्यांचं बीपी खरंच जास्त निघालं होतं आणि आता दर आठवड्याला त्या हक्कानं मोजून घेत. सिल्विया आणि तिच्यामागून आग्नेल आत आला. "हाच का?" मी नियमाप्रमाणे विचारलं. "हाच," ती म्हणाली.

आग्नेल उभ्यानंच बोलला. "फादर म्हनाले, मी पाप धुतो, रक्त नाय धूत. जा आनि गप सुई घे." मग जरा थांबून तो म्हणाला, "आनि इचारलं, बायकोला सांगितलं का? मी काय बोललो नाय."

"मग?"

"सुई घेतो. ते दुसरं नाय जमायचं. तोंडासमोर नाय बोलता येत मना."

हे सगळं सिल्वियासमोरच चाललं होतं. तिनं ऐकलं, उठून खोलीच्या टोकाला असलेल्या तपासणीच्या टेबलाकडे गेली आणि सिस्टरनं मधला हिरवा पडदा ओढला. त्या औषधाची भुकटी पाण्यात विरघळवून लगेच द्यावी लागते, नाहीतर सुईतच अडकते. सिस्टर पटापट कामाला लागली. आतून एकदा 'स्स' असा आवाज आला. इंजेक्शननंतर काही रिअ‍ॅक्शन येत नाही ना हे पाहायला बाईला थोडा वेळ झोपवून ठेवतात. सिस्टर दुसरी सुई आणायला औषधांच्या खोलीत गेली.

आग्नेल मघापासून स्टुलावर बसला होता. त्यानं स्टूल उचललं, पडद्याला अगदी लागून ठेवलं आणि आडवा बसला. तोंड माझ्याकडे नाही, पडद्याकडेही नाही, खांदा तेवढा पडद्याला टेकलेला. मान खाली घालून त्यानं कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूसाची खूण केली आणि हळू आवाजात बोलायला लागला. चर्चमध्ये कन्फेशनला जाळीआडच्या फादरपाशी तो असाच बसत असणार. मला आधी उलगडाच झाला नाही. झाला तेव्हा मी उठून बाहेर जाणार होते, पण दार उघडलं असतं तर रेमेतबायना आत यायला तेवढं निमित्त पुरलं असतं. म्हणून मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

तो काय बोलला ते मी लिहिणार नाही. माझ्यासाठी ते नव्हतंच. तो आपल्या घरच्या बोलीत बोलत होता, त्यातलं निम्मं मला कळलंही नाही. एकदा पडद्याआड टेबलाचा पत्रा वाजला, तेव्हा तो थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मग तो बोलायचा थांबला. ही शांतता मोडायची मला इतकी घाई झाली होती की काय सांगू. पण समुपदेशकानं मधे तोंड घालायचं नसतं हे मी नवीन मुलींना शिकवत आले होते, तेव्हा दात आवळून उभी राहिले.

"झालं?" आतून आवाज आला.

"झालं."

"अजून काय हाय?"

"नाय. एवडंच."

पडदा सरकला. सिल्विया कंबर धरून बाहेर आली. तिचे डोळे कोरडे होते आणि चेहरा पांढरा पडला होता. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. टेबलाकडे बोट दाखवून म्हणाली, "जा आता. झोप."

तो निमूट जाऊन पालथा झोपला. सिस्टर सुई घेऊन आली आणि तिच्या मागोमाग, मला आवरता यायच्या आत, रेमेतबाय. टेबलावर पालथा पडलेला आपला पोरगा बघून त्या जागच्या जागी थबकल्या.

"ह्याला काय झालं? हा काय गरवार हाय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सिल्विया शांतपणे म्हणाली, "आई, आता दोघांना देतात. बाळाला जंतू लागू नयेत म्हणून."

रेमेतबायनी सुईकडे बघितलं, पोराकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बरं करत्यात," त्या म्हणाल्या. "आमच्या येळंला समदं बायकांनाच टोचायचे." मग त्या जाऊन पोराच्या उशाशी उभ्या राहिल्या आणि सुई टोचताना त्यानं तोंड वाकडं केलं तेव्हा मनापासून हसल्या.

आग्नेलची पुढची दोन इंजेक्शनं बोटीच्या वेळा सांभाळून झाली. एकदा तर तो बंदरावरून थेट आला आणि आतली खोली दिवसभर मासळीच्या वासानं भरून राहिली. सिल्वियाचं रक्त आम्ही पुन्हा तपासलं, ते सुधारत होतं. तिला मुलगा झाला. जन्मल्यावर बाळाची तपासणी झाली, पुढेही काही महिने बोलावून रक्त बघत राहावं लागतं, नुसत्या गुटगुटीत दिसण्यावर जाऊन चालत नाही. शेवटचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा मी तो सिस्टरला दाखवला आणि आम्ही दोघींनी चहा मागवला. आमच्या कामात पेढे वाटता येत नाहीत. कशाचे म्हणून वाटणार?

आमच्या धंद्याचा आणखी एक नियम आहे. पेशंट रस्त्यात दिसला तर आपण ओळख दाखवायची नाही. मी निवृत्त झाले तरी ती सवय सुटलेली नाही. माणिकपूरच्या बाजारात, लग्नात, रिक्षाच्या रांगेत मला ओळखीचे चेहरे दिसतात आणि मी दुकानाच्या पाट्या वाचायला लागते. लोकांना मी शिष्ट वाटते.

मागच्या वर्षी असंच माणिकपूरला मासळी घ्यायला गेले होते. पाटीवर बोंबील मांडून सिल्विया बसली होती. जरा भरली होती, हात सराईत झाले होते. मी पुढच्या पाटीकडे वळले.

"मॅडम, ओळख नाय का दाखवायची?" तिनंच हाक मारली. शेजारच्या बाईला म्हणाली, "माझ्या बाळंतपणातल्या मॅडम." मग माझ्याशी बोलत राहिली. पोरगा शाळेत जातो, सासूबाई बीपीच्या गोळ्या घेतात पण मीठ सोडत नाहीत. आग्नेल आता दुसऱ्या बोटीवर आहे. दारू अजून बंद आहे, पोराचं सगळं तोच बघतो, रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवत नाही. शेजारीण गिऱ्हाइकाकडे वळली.

नोकरीत असताना जे कधी विचारलं नसतं ते मी तेव्हा विचारलं. मला कुतूहल होतं, ते लपवत नाही. "मनातून गेलं का गं ते? माफ केलंस त्याला?"

सिल्वियानं बोंबलाचं डोकं उडवलं, पोट साफ केलं, पुढचा बोंबील घेतला.

"देवानं केलंय ना माफ," ती सुरीवरची नजर न काढता म्हणाली. "पन देवाला त्याच्यासंगती ऱ्हायचं नाय, मॅडम. मना ऱ्हायचं हाय."